शिक्षा कुणाला ऐकू यायला हवी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. उत्तर लांबणार आहे, कारण एका ओळीच्या प्रश्नात तुमचे तीन-चार प्रश्न गुंतलेत. ते वेगळे केल्याशिवाय एकाचंही धड उत्तर देता येणार नाही.

हकिकत आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. 2015 च्या पावसाळ्यात बांध कोरण्यावरून भाऊबंदांत भांडण झालं. चुलतभावानं दांडकं घातलं आणि तुमच्या धाकट्या भावाचा डावा डोळा कायमचा गेला. केस नऊ वर्षं चालली. भारतीय दंड संहितेच्या कलम 325 खाली, म्हणजे गंभीर दुखापत केल्याबद्दल, आरोपी दोषी ठरला. दोन वर्षं कैद आणि दहा हजार रुपये दंड झाला, त्यातले आठ हजार तुमच्या भावाला द्यायचे. निकालाच्या त्याच संध्याकाळी चुलतभाऊ तुमच्या दारावरून मोटारसायकलनं घरी गेला. आता सेशन कोर्टात त्याचं अपील आहे. तुमचे वकील तडजोड सुचवतायत. गावकीतले काही जण म्हणतायत की त्या घराशी येणं-जाणंच तोडा. आणि वडील विचारतायत, "डोळा आमचा गेला, वर माफीबी आम्हीच द्यायची?" या सगळ्यावर तुमचा प्रश्न असा, की मग शिक्षा असते तरी कशासाठी.

मी बेळगावात 31 वर्षं फौजदारी वकिली करतोय. त्यातला बराचसा काळ आरोपीच्या बाजूनं उभा राहिलो. काही वर्षं मोफत कायदा सहाय्याच्या पॅनेलवर होतो, तेव्हा हिंडलगा कारागृहात जाऊन कैद्यांचे अर्ज लिहून द्यायचो. माझं बोलणं या बाजूनं आलेलं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

सुरुवात त्या संध्याकाळपासून करू, कारण घरातला सगळा राग तिथं अडकलाय असं दिसतं. दोषी ठरलेला माणूस त्याच दिवशी घरी आला, म्हणजे पैसे चारले असणार, असं गावात बोललं गेलं म्हणता. तशी गरजच नसते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, आरोपी आधीपासून जामिनावर असेल आणि त्याला अपील करायचं असेल, तर खास कारण नसल्यास शिक्षा देणाऱ्या कोर्टानंच त्याला अपिलापुरतं जामिनावर सोडायचं, असं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 389 मध्ये लिहिलेलं होतं. 1 जुलै 2024 ला भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ते कलम 430 झालं. दोन वर्षं भोगून झाल्यावर माणूस अपिलात निर्दोष ठरला, तर ती दोन वर्षं त्याला कुठून परत द्यायची, हा त्यामागचा विचार. त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर कुणी तुमच्या वडिलांना एवढं समजावून सांगितलं असतं, तर ती रात्र त्यांना इतकी जड गेली नसती. शिक्षा रद्द झालेली नाही. दोषी ठरवणारा निकाल आजही जागच्या जागी आहे.

आता मूळ प्रश्न. शिक्षा कशासाठी, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, धाक बसावा म्हणून. हिंडलगा म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा फाशीचा दोर येतो, तेही यामुळेच. मी धाक नाकारत नाही. पण त्याच्यावर किती भार टाकायचा याबद्दल माझं मत वर्षागणिक बदलत गेलं.

आपल्या भागातला धाकाचा सगळ्यात मोठा प्रयोग नंदगडला झाला. 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी संगोळ्ळी रायण्णाला तिथं वडाच्या झाडावर फाशी दिलं. आज लोक त्याच्या समाधीजवळच्या वडाला मूल व्हावं म्हणून पाळणे बांधतात. रायण्णा काही चोर-दरोडेखोर नव्हता, म्हणून त्याची गोष्ट तुमच्या केसला जशीच्या तशी लागू होत नाही. तरी त्यातून एवढं दिसतं की लोकांना जी शिक्षा न्यायाची वाटत नाही, ती कितीही कडक असली तरी तिचा धाक बसत नाही.

दुसरं उदाहरण रोजचं. गोव्याची दारू चोर्ला किंवा अनमोड घाटातून इकडं येते. गाडीसकट पकडलेल्या बऱ्याच ड्रायव्हरांचे जामीन मी केलेत. विशी-पंचविशीतली पोरं, फेरीमागं ठरलेले पैसे घेणारी. गुन्ह्याला शिक्षा किती, हे त्यातल्या एकालाही कधी सांगता आलं नाही. कुठल्या वाराला तपासणी कडक असते, ते मात्र सगळ्यांना पाठ. माणूस शिक्षेची वर्षं मोजत नाही, सापडण्याची शक्यता मोजतो. बेक्कारिया नावाच्या इटलीतल्या विचारवंतानं 1764 मध्येच हे मांडलं होतं, की शिक्षेच्या क्रूरपणापेक्षा ती नक्की होणार आणि लवकर होणार या दोन गोष्टी गुन्हा जास्त अडवतात. मला ते पुस्तकाआधी चोर्ल्याच्या ड्रायव्हरांकडून कळलं.

तुमच्या चुलतभावानं दांडकं उचललं तेव्हा त्याच्या डोक्यात ना कलम होतं ना तुरुंग. बांधावरच्या चिखलात, दोन्हीकडची माणसं ओरडत असताना, क्षणात घडलेली ती गोष्ट. अशा वेळी दोनाच्या जागी सात वर्षांची तरतूद आठवून हात थांबत नाही (आणि 325 ला कमाल शिक्षा सात वर्षंच आहे). धाक बसायचाच असता तर तो गावातल्या इतर पोरांना बसला असता. तेही सहा-आठ महिन्यांत निकाल लागला असता तर. नऊ वर्षांत बघणारी पोरं मोठी होऊन त्यांची लग्नं झाली. शिक्षा कमी झाली म्हणून धाक राहिला नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तो उशिरामुळं गेला.

सुधारणेबद्दल मी जास्त आशेनं बोलतो, पण तिथंही हातचं राखून. बेळगावहून फार लांब नाही, सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. 1939 च्या सुमाराला औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी ती वसाहत उभी केली. खुनासारख्या गुन्ह्यातले कैदी, आणि भोवती भिंत नाही. शेती करायची, बायकामुलांसोबत राहायचं. ज्या काळात कैदी म्हणजे बेडी आणि दगड फोडणं, त्या काळात कुणीतरी असा विश्वास टाकला, याचा मला आजही अभिमान वाटतो. त्याच काळात, त्याच मुलखात, सुधारणेच्याच नावाखाली याच्या उलटंही चाललं होतं. 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूर, हुबळी, विजापूर इथल्या सेटलमेंटांत माणसं कोंडली, आणि त्यालाही सुधारणाच म्हणायचे. तो कायदा 1952 मध्ये गेला. त्याच्या कितीतरी आधी, 1918 मध्ये, कोल्हापुरात शाहू महाराजांनी अशा जमातींच्या सक्तीच्या सरकारी हजेरीची पद्धत बंद केली होती. म्हणून "आत टाका म्हणजे सुधारेल" असं कुणी म्हणालं की मी पहिल्यांदा विचारतो, नेमकं काय करून सुधारणार?

एक केस सांगतो. शेतातल्या पंपांच्या तांब्याच्या वायरी चोरल्या म्हणून दोन मुलं पकडली, दोघंही वीस वर्षांच्या आतली. एकाचा मामा जामीन राहिला. दुसऱ्यासाठी कुणी आलं नाही, तो अकरा महिने कच्चा कैदी म्हणून आत राहिला. देशातल्या तुरुंगांत 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार शंभरातले पंचाहत्तरहून जास्त कैदी असेच कच्चे होते, म्हणजे ज्यांचा निकाल अजून लागायचाय असे. पहिल्या मुलाला पुढं 1958 च्या प्रोबेशन कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या बॉण्डवर सोडलं. 21 वर्षांखालच्या मुलाला अशा गुन्ह्यात तुरुंगात पाठवायचं असेल तर कोर्टाला कारणं लिहावी लागतात, ही त्या कायद्यातली फार मोलाची अट आहे. तो मुलगा आज टेम्पो चालवतो, गणपतीत भेटायला येतो. दुसरा आतून ओळखी घेऊन बाहेर आला आणि त्याच्यावर पुढं तीन केसेस झाल्या. पण यावरून नियम काढू नका. प्रोबेशनवर सुटलेला आणखी एक मुलगा, ज्याच्यासाठी मी न्यायाधीशांपुढं जीव तोडून बोललो होतो, चार महिन्यांत पुन्हा चोरीत सापडला. कोण सुधारेल हे आधी सांगायचं मी तेव्हापासून सोडून दिलं. सुधारायला वाव ठेवायचा, एवढंच मागतो.

आता तुमच्या वडिलांकडे येतो. त्यांच्या मनात बदला आहे, आणि तो शब्द लिहिताना तुम्हाला संकोच वाटलाय असं दिसतं. मला त्यात लाजण्यासारखं काही दिसत नाही. 2015 मध्ये त्यांच्या घरातही कोयता होता. मुलाच्या डोळ्यातून रक्त येत असताना त्यांनी तो उचलला नाही, ते पोलिसात गेले. सरकार तुमच्याकडून ही एवढी मोठी गोष्ट मागतं: हात आवरा, तुमचं भांडण आमच्याकडे द्या. आणि ते दिलं की फिर्याद तुमची राहत नाही, ती सरकारची होते. खटल्याचं नाव सरकार विरुद्ध अमुक, तुमचा भाऊ फक्त साक्षीदार. ज्यानं एवढं सोडलं त्याला सरकार काही देणं लागतं, असं मी मनापासून मानतो. दुसऱ्याचाही डोळा काढणं हे काही ते देणं नव्हे. मग काय, हे मला एका बाईकडून कळलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची खुनाची केस, मी आरोपीच्या बाजूनं. वाद क्षुल्लक होता, जत्रेतला. आमचा बचाव असा होता की मयत मुलानंच आधी हात उचलला. माझ्या अशिलानं मला तसं सांगितलं होतं आणि मी ते पूर्ण ताकदीनं मांडलं. निकाल लागला, जन्मठेप झाली. मी बाहेर आलो तर मयताची आई व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली. आत सगळं कानडीत झालं, थोडं इंग्रजीत. तिला दोन्ही येत नव्हत्या. सरकारी वकील पुढच्या केसला उभे होते. तिनं मला ओळखलं नसावं, किंवा ओळखूनही विचारलं असेल. म्हणाली, "बाबा, सायब काय म्हणाले?" मी म्हटलं, जन्मठेप झाली. ती तशीच बघत राहिली. मग विचारलं, "माझ्या पोरानं पयला हात उचलला न्हवता, ह्ये लिवलंय का त्येनी?" लिहिलं होतं. निकालाच्या एका परिच्छेदात न्यायाधीशांनी आमचा बचाव स्पष्ट शब्दांत फेटाळला होता. मी तिला ते मराठीत सांगितलं. तेव्हा ती रडली. किती वर्षं आत राहील, कधी सुटेल, यातलं तिनं एक अक्षर विचारलं नाही.

त्या दिवसापासून शिक्षेकडे बघण्याची माझी नजर बदलली. शिक्षा म्हणजे समाजानं मोठ्यानं सांगणं: असं घडलं, ते यानं केलं, ते चूक होतं, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं म्हणणं खरं होतं. धाक, सुधारणा, भरपाई या सगळ्यांचा पाया इथं आहे. किती वर्षं दिली, यानं त्या सांगण्याचा आवाज कमीजास्त होतो हे खरं. खून करणाऱ्याला शंभर रुपये दंड केला तर ते सांगणंच खोटं पडेल. पण नुसती वर्षं वाढवून ते ऐकू येतंच असं नाही. आणि ज्याच्यासाठी सांगितलं त्यालाच ते ऐकू गेलं नाही, तर देणं फिटलेलं नाही.

आपल्या भागात ते ऐकू न जाण्याचं कारण भाषा. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. माझ्या सिनियरांच्या कपाटात त्या काळातली मराठी कागदपत्रं मी पाहिलीत. आज खालच्या कोर्टाची भाषा कन्नड आहे, निकाल कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीत येतो. सीमावादात मी इथं जात नाही, आणि न्यायाधीशांना दोषही देत नाही. त्यांतले कितीतरी जण साक्षीदाराचं मराठी समजून घ्यायला धडपडतात. पण कायद्यातली एक गोष्ट मला खुपते. जुन्या संहितेच्या कलम 363 प्रमाणं (नव्या संहितेत ते कलम 404) शिक्षा झालेल्या आरोपीनं मागितलं तर, शक्य असल्यास, निकालाचं त्याच्या भाषेतलं भाषांतर त्याला मिळतं, आणि अपील होणारा निकाल असेल तर तेही फुकट. पीडिताला काय? अर्ज करून, फी भरून, आहे त्या भाषेतली नक्कल. ज्यानं डोळा घालवला त्याला निकाल मराठीत मिळू शकतो आणि ज्याचा डोळा गेला त्याला नाही. हे बदलायला हवं, असं मी प्रत्येक व्यासपीठावर बोललोय.

तुमच्या पत्रावरून मला दाट शंका आहे की तुमच्या घरात तो निकाल कुणी पूर्ण वाचलेलाच नाही. दोन वर्षं आणि दहा हजार, एवढंच तुम्हाला माहीत आहे. बांध कुणी कोरला होता, पहिला वार कुणाचा, तुमच्या भावाची साक्ष खरी मानली की नाही, यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. तेवढं वाचा, मग तडजोडीचं ठरवा.

तडजोडीबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथं भले भले फसतात. कलम 325 कोर्टाच्या परवानगीनं तडजोडीला पात्र आहे, आणि अपील चालू असतानाही अपील कोर्टाची परवानगी घेऊन तडजोड होते. पण अशा तडजोडीचा कायदेशीर परिणाम म्हणजे आरोपी निर्दोष सुटतो. नुसती शिक्षा कमी होत नाही, दोषी ठरवलेलंच पुसलं जातं. तुमचा भाऊ खरं बोलला, हे नऊ वर्षांनी जे कागदावर आलं तेही त्याबरोबर जातं. पैसे घेऊन सही करणारे पुष्कळ जण हे जाणत नसतात. वर्षभरानं गावात "कोर्टानं निर्दोष सोडलं" असं ऐकू आलं की पुन्हा भडका उडतो, हे मी पाहिलंय.

म्हणजे तडजोड वाईटच असते, असंही नाही. शेजारी शेजारी राहायचंय, एकाच विहिरीचं पाणी आहे, पोरं एका शाळेत जातात. पण मधला एक रस्ता आहे आणि तो फार कमी वकील सांगतात. दोषी ठरवलेलं तसंच राहू द्यायचं आणि बोलणी फक्त शिक्षेवर करायची. आरोपीनं अपिलात दोष मान्य करून शिक्षेपुरतीच दाद मागायची, तुमच्या भावाला ठोस रक्कम द्यायची, आणि तुम्ही कोर्टाला सांगायचं की कैद कमी करायला आमची हरकत नाही. 325 ला जन्मठेपेची तरतूद नाही, म्हणून प्रोबेशन कायद्याखाली बॉण्डवर सोडणं आणि त्याच कायद्याच्या कलम 5 खाली भरपाईचा हुकूम करणंही कोर्टाच्या हातात आहे. (हेच कलम 326 असतं, म्हणजे धारदार हत्यार वगैरे, तर ना तडजोड ना हे प्रोबेशन.) कैद गेली तरी सत्य राहतं. तुमच्या वडिलांचा प्रश्न माफीचा होता. या रस्त्यात त्यांना माफी द्यावीच लागत नाही. दोषी हा दोषीच राहतो.

भरपाईत मागे राहू नका. 2013 साली अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक फौजदारी केसमध्ये भरपाईचा विचार करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे. एका डोळ्याला आठ हजार तुटपुंजे आहेत. भरपाई अपुरी आहे म्हणून पीडिताला स्वतः अपील करता येतं. कैद अपुरी आहे म्हणून मात्र करता येत नाही. तो अधिकार सरकारचा, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. आरोपीच्या अपिलात कोर्ट आपणहून शिक्षा वाढवूही शकत नाही. म्हणजे "अपिलात सात वर्षं होतील" अशी आशा कुणी दाखवत असेल तर सरकारनं तसं अपील दाखल केलंय का, ते विचारा. दंडातले ते आठ हजारही अपिलाचा निकाल लागेपर्यंत हातात येणार नाहीत. शिवाय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून पीडित भरपाई योजनेखाली काही मिळू शकतं का, तेही विचारा.

आता गावकी. येणं-जाणं तोडायचं, पाणी बंद करायचं, याला माझा ठाम विरोध आहे. कोर्टानं सांगितलं तेवढीच शिक्षा. त्यात भर घालायचा अधिकार ना गावाला ना तुरुंगाला. कर्नाटकातल्याच एका फाशीच्या कैद्याला अनेक वर्षं एकांत कोठडीत ठेवलं गेलं. कोर्टानं एकांतवास सुनावलेला नव्हता. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुख्यतः त्याच कारणानं त्याची फाशी काढून किमान 30 वर्षांची जन्मठेप केली. त्याचे गुन्हे भयंकर होते, तरीही. तुमच्या चुलतभावाची बायको आणि पोरं तर कुठल्याच कोर्टात आरोपी नव्हती. सीमेपलीकडे महाराष्ट्रात वाळीत टाकण्याविरुद्ध 2016 चा खास कायदा आहे. तो इकडं लागू नाही, पण म्हणून इकडं ते योग्य होत नाही. वर तुमची बाजू खरी असताना उद्या तुमच्यावरच फिर्याद व्हायची.

हे सगळं काही गोष्टी गृहीत धरून सांगितलंय. तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणं हल्ला अचानक, रागाच्या भरात झाला. आधी धमक्या होत्या, माणसं जमवून आले होते, नंतर साक्षीदारांना दमदाटी केली, यातलं काही असेल तर माझं मत फिरतं. मग शिक्षा कमी करायला संमती देऊ नका. आरोपी गावातला जोरकस माणूस असेल आणि "तडजोड" म्हणजे तुम्हाला गप्प बसवणं असेल, तरीही नाही. खून, बलात्कार यांसारख्या गुन्ह्यांत तर समझोत्याच्या आधारे केस मिटवता येत नाही, हे 2012 च्या ग्यानसिंग निकालापासून पक्कं आहे, आणि ते बरोबरच आहे. त्या गुन्ह्यांत सांगायचं असतं ते सगळ्या समाजाला, दोन घरांना नव्हे.

आणि सगळ्यात आधी कळायला हवं ते हे, की तुमच्या भावाला स्वतःला काय हवंय. तुमच्या लांबलचक पत्रात वडिलांचं म्हणणं आहे, वकिलांचं आहे, गावकीचं आहे, तुमचं आहे. त्याचं एकही वाक्य नाही. डोळा त्याचा गेलाय. तडजोडीची सहीही कायद्यानं त्याचीच लागते, तुमची किंवा वडिलांची नव्हे.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. येत्या आठवड्यात निकालाची सर्टिफाइड नक्कल काढली असती. कन्नड आणि मराठी दोन्ही येणारा शिक्षक किंवा वकील आपल्याकडे प्रत्येक गावात सापडतो. त्याला घरी बोलावून सगळा निकाल, साक्षींच्या चर्चेसकट, वडिलांसमोर आणि भावासमोर मराठीत वाचून घेतला असता. दोन तास लागतील. भावाची साक्ष ग्राह्य धरल्याचा परिच्छेद आला की तो दोनदा वाचायला सांगा. त्यानंतर भावाला एकट्याला घेऊन बसा आणि विचारा. तो म्हणाला शिक्षा हवी, तर सरकारी वकिलांना मदत करायला आपला वकील द्या, लेखी म्हणणं मांडायची परवानगी मागा. 2022 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर आपलं ऐकवण्याचा हक्क आहे. तो म्हणाला मिटवू, तर वर सांगितलेला मधला रस्ता तुमच्या वकिलांपुढं ठेवा, आणि त्यात एक अट जरूर घाला: रक्कम कोर्टातच जमा व्हायची, बांधावर किंवा कुणाच्या ओसरीवर नाही. बांधाची मोजणी मात्र यातल्या कशातच होणार नाही. त्यासाठी भूमापन खात्याकडे वेगळा अर्ज करून दोन्ही घरांसमोर हद्दीचे दगड रोवून घ्या. पुढच्या पावसाळ्याआधी ते झालेलं बरं.